टोपल्यांवरचं काळं

त्या घरात मी खुर्चीवर कधी बसत नाही. बसू नये असं कुणी सांगितलेलं नाही. उलट एदगार दर खेपेला म्हणतो, “नूनू, बस ना,” आणि त्याच क्षणी त्याची बायको मातिल्द खुर्चीच्या मखमलीकडे बघते. दोघांची बेरीज मला येते, म्हणून मी उभी राहते. त्या मंगळवारी मात्र बसले. म्हणजे भिंतीवरचं नवं चित्र बघता बघता मागे सरले आणि मागे नेमकी खुर्ची होती, एवढंच. कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा लाकडावर आपटला तशी मातिल्दने मान वळवली. एदगारला वाटलं, मी आनंदाने बसले. तो आनंदानेच बसण्यासारखा माणूस आहे. एकतिसाव्या वर्षी पोट सुटलंय, बूट नेहमी डावीकडे झिजतात, आणि कुणाला काही दिलं की घेणाऱ्याच्या तोंडाकडे लहान मुलासारखा बघत राहतो. मी या इमारतीची दारवानीण. सबंध दिवस दाराशेजारच्या खोलीत बसून जिन्यावरचे पाय ऐकते. कोण भांडून चाललंय, कोण चोरून येतंय, कुणाला आज घरी जायचंच नाहीये, सगळं पायांत असतं. तोंडं मागाहून बघितली तरी चालतात. एदगारचे पाय तर मी ते जमिनीला लागायच्या आधीपासून ओळखते. माझ्याच दुधावर वाढलेत ते, म्हणून मी त्याची नूनू.

“ओळख बघू,” तो म्हणाला. “लिलावात अचानक दिसलं. मागच्या बाजूला गावाचं नाव लिहिलंय, ला ब्र्युयेर. मी म्हटलं, हे तर आपल्या नूनूचं गाव. तुझंच आहे ना?”

चित्र काही मोठं नव्हतं. खिडकीच्या एका झडपेएवढं असेल. वर पावसाळी, खाली उतरलेलं आभाळ, मध्ये आमचा चढ, चढावर कुट्टूचं शेत. कुट्टू फुलावर आलेला. पांढरा, पण दुधासारखा नाही, दुधावरच्या सायीसारखा जरा पिवळट. शेताच्या कडेला गवताने शाकारलेलं घर, त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी दगडी फळी, आणि फळीवर पेंढ्याच्या तीन टोपल्या. मधमाश्यांच्या. पायवाटेवर पाठमोरी एक बाई, तिच्या डोक्याला लाल रुमाल. सबंध हिरव्याकरड्या चित्रात तेवढाच लाल ठिपका. डोळा दुसरीकडे न्यावा म्हटलं तरी तिथेच जातो, देवळात लहान मूल रडायला लागलं की जातो तसा. मी मात्र टोपल्या बघत होते. तिन्ही टोपल्यांवर, डाव्या खांद्याशी, एकेक काळा फटकारा.

“किती शांत आहे ना,” मातिल्द म्हणाली. “इथे कधी काही घडतच नसेल.”

“काय घडणार बाई,” मी म्हटलं. “गायी वितात.”

एदगार खो खो हसला. मातिल्दला गायी विण्याचं हसू येत नाही, तिला मूल नाही. ती चित्राजवळ गेली आणि बोटाच्या नखाने हवेतच खरवडल्यासारखं केलं. “हे डाग मात्र काढून घ्यायला हवेत. कसे दिसतात. माश्या बसल्यासारखे.”

“मधाच्या टोपल्यांवर माश्याच बसणार, माझे राणी.”

“तुमचे विनोद राहू द्या. शुक्रवारी तो चित्रं साफ करणारा यायचाय, त्याला दाखवू. आभाळही जरा उजळून देईल.”

मी उठले. “छान आहे, मस्यू एदगार,” म्हणाले. माणसांत मी त्याला मस्यू म्हणते आणि तुम्ही म्हणते. बायको नसली की तू. तो दारापर्यंत आला आणि कुजबुजला, “आवडलं ना गं?” मी त्याच्या गालावर चापट मारली. चापटीला उत्तर मानायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

खाली खोलीत आले, चुलीवर सूप होतं ते ढवळलं, आणि ढवळतच राहिले. आमच्याकडची रीत सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. घरात कुणी गेलं की सगळ्यांत आधी माश्यांना सांगायचं. पाद्र्याच्याही आधी, शेजाऱ्यांच्याही आधी. घरातल्या कर्त्या बाईने दाराची किल्ली घेऊन जायचं, प्रत्येक टोपलीवर किल्लीने तीनदा हळू वाजवायचं आणि म्हणायचं, “लेकींनो, अमका गेला. तुम्ही राहा.” मग टोपलीला काळं फडकं टाचायचं. लग्न झालं तर लाल टाचतात. सांगितलं नाही तर माश्या रुसतात, एक दिवस उठून निघून जातात नाहीतर आतल्या आत मरून पडतात. मध गेलाच. शहरातली माणसं याला हसतात. ती काय काय करतात ते मी रोज दाराशी बसून बघते, म्हणून मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही. आई फडकं नेहमी डाव्या खांद्याशी टाचायची, ती डावखुरी होती. बाकीच्या बायका समोर मधोमध टाचत.

म्हणजे घर आमचं. काळं आमचं. घरात कोण गेलं, एवढंच राहिलं. आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, चित्रकाराच्या नावाखाली, साल होतं. मला अक्षर जेमतेम येतं, पण आकडे येतात. तीस वर्षं मी भाडेकरूंच्या दारांवरचे आकडेच वाचते आहे. ते एदगारच्या जन्माचं साल होतं.

त्या साली आमच्या घरात तीनच माणसं होती. माझी आई त्वानेत, माझा नवरा, आणि माझा तान्हा मुलगा आंदोश. मी नव्हते. मी इथे होते, याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या फितीची टोपी घालून एदगारला पाजत होते. नवरा त्यानंतर चार हिवाळे नदीवर ओंडके सोडत होता आणि मग नदीनेच त्याला नेलं. आई एदगार पहिल्यांदा कचेरीत नोकरीला लागेपर्यंत जगली. बेरीज करायला शहाणपण लागत नाही.

पण आंदोश तर मेणबत्त्यांच्या सणाला गेला होता. फेब्रुवारीत. भर थंडीत, छातीत कफ होऊन. वर्षाचा होऊन. हे मला बिदोबाबाने सांगितलं, पुढल्या ईस्टरला, एदगारचं दूध तोडलं त्या आठवड्यात. बिदोबाबा आमच्या भागातल्या दूध पाजणाऱ्या दाया गाडीतून पॅरिसला आणायचा आणि परतीच्या खेपेला पॅरिसची तान्ही मुलं गावाकडे न्यायचा. दर महिन्याला यायचा, स्वैपाकघराच्या मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा, आणि मी एदगारला काखोटीला मारून धावत जायची. “कसा आहे?” “खातोय, हगतोय, तुझ्यासारखाच आवाज आहे गाढवाचा.” ऑगस्टमध्ये म्हणाला, “रंग उजळलाय.” सप्टेंबरमध्ये, “खालचे दोन दात आलेत, म्हातारीचं बोट चावतो.” नाताळच्या आधी म्हणाला, “अगं, परवा खुर्चीला धरून उभा राहिला की. उभा राहिला आणि चारी बाजूंना बघितलं, जसा काही गावचा पाटील.” मी इतकी हसले की एदगार दचकून रडायला लागला. मी त्याला तिथेच पाजायला घेतलं आणि पाजता पाजता आंदोशची खुर्ची कुठली असेल याचा विचार करत राहिले. माझ्या बापाची मोडक्या पाठीची, की चुलीजवळची बुटकी. बुटकीच असणार. तीच त्याच्या हाताला येईल.

चित्रात कुट्टू फुलला होता. कुट्टू आमच्याकडे जुलैअखेर फुलतो, ऑगस्टच्या मध्यावर उतरतो. काळं फडकं माश्यांचं सुतक फिटेतोवर ठेवतात, फार तर एक चांद्रमास. मग काढून जाळतात. म्हणजे दातांच्या आधी. खुर्चीच्या कितीतरी आधी.

सूप करपलं. मी भांडं उतरवलं आणि खिडकी उघडली. चौथ्या मजल्यावरचे शिंपी उतरत होते. टाच आधी, मग चवडा. बायकोशी अबोला. मला माणसांच्या हिशेबात चूक सापडली की आतून एक बारीकसा आनंद होतो, हा माझा स्वभाव आहे, लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मी स्वतःच्याच विरुद्ध वकिली करायला घेतली. कशावरून ते फडकंच आहे? चित्रकार माणूस, सावली असेल, भेग असेल. आणि हा चित्रकार तर खोटारडा आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. कारण त्या लाल रुमालाची गोष्ट मला आईनेच सांगितली होती. मी दूध तोडून गावी गेले तेव्हा, रात्रीच्या धिरड्यांना चरबी लावता लावता. “एक बाप्या आला होता छत्री घेऊन. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री उघडून कुरणात बसला. पाणी मागितलं. मग म्हणतो, बाई, जरा वाटेवर उभ्या राहा. आणि खिशातून काय काढावं? लाल रुमाल. म्हणतो, हा बांधा. एवढा मोठा दाढीवाला, आणि खिशात बायकी रुमाल घेऊन हिंडतो. मी म्हटलं, बाबा, तुझ्या बायकोला ठाऊक आहे का?” मी पोट धरून हसले होते. आईही हसली होती, पण तव्याकडे बघून. कधी आला होता तो, हे मी विचारलं नाही. कशाला विचारीन?

तर रुमाल खोटा. आईने आयुष्यात लाल घातलं नाही. मग जो डोक्यावर खोटं बांधतो तो टोपलीवर खरं कशाला रंगवील? हा मुद्दा मला पटला, आणि बुधवारची सकाळ मी त्याच्यावर काढली. जिना पुसला, पत्रं वाटली. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, “फिलिबेर्त, आज गुणगुणत नाहीस ती?” मी म्हटलं, “घसा बसलाय.” पण दुपारी मुद्दा निसटला. माणूस खोटं बोलतो ते ऐकणारा असेल तिथे. रुमाल चित्राच्या काळजात आहे, बघणाऱ्याचा डोळा तिथे ओढायचा म्हणून तो लाल. टोपल्या कडेला, सावलीत. तिथे कुणी बघत नाही. जिथे कुणी बघत नाही तिथे खोटं रंगवून त्याला काय मिळणार होतं? त्याला रीत ठाऊक नव्हती. डावा खांदा ठाऊक नव्हता. समोर होतं ते त्याने उतरवलं, झाडाबरोबर त्याच्यावरची बांडगुळंही चित्रात उतरवतात तसं. आणि त्याच्या समोर माझी आई, नातवाला पुरून महिना झालेला नसताना, परक्याचा लाल रुमाल डोक्याला बांधून पाठमोरी उभी होती. तोंड दाखव म्हणाला नाही ते बरं.

कुणाचा राग धरावा ते ठरेना. बिदोबाबाचा? तो निरोप्या. आणि खरं सांगायचं तर मला सगळं ठाऊकच होतं. आमच्या गावातल्या निम्म्या बायका पॅरिसला पाजायला जायच्या, आणि बाई दूध पाजते आहे तोवर घरची वाईट बातमी वाटेतच थांबवायची, ही आमची चाल होती. दुःखाने दूध आटतं, नाहीतर नासतं, आणि मग मालकांचं मूल आजारी पडतं. शेजारच्या रेनची मुलगी गोवराने गेली तेव्हा मी तिथेच होते. बिदोबाबा ओट्यावर बसून म्हणाला, “मी सांगेन, आता रांगायला लागलीय,” आणि आम्ही बायकांनी त्याला रांगण्याचे बारकावे सुचवले. कुणी म्हणालं, मांजरामागे जाते म्हणा. रेन वर्षाने परत आली तेव्हा ती त्याच मांजराचं कौतुक सांगत बसलेली मी बघितली. आणि तरीही, माझ्या वेळी, मला वाटलं नाही. गावातल्या प्रत्येकीला ही चाल ठाऊक होती आणि प्रत्येकीला वाटायचं, ती दुसऱ्यांसाठी आहे. तो पाटील कुणाला सुचला असेल? खुर्ची कुणी सुचवली असेल? रेननेच, बहुतेक. तिला सुचायचं.

माश्यांना सांगितलं नाही तर मध जातो. आईला सांगितलं तर दूध जातं. आमच्या लोकांनी दोन्ही राखलं.

गुरुवारी मला बूट आठवले. एदगारची आई, मोठ्या बाईसाहेब, हाताने घट्ट बाई होती. दूध वाढावं म्हणून दायांना बियर देतात, तीही मोजून मिळायची. त्या ऑगस्टात एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि नवे कोरे बूट दिले, मऊ चामड्याचे, बाजूला बटणं असलेले. सण नाही, कारण नाही. त्या दिवसापासून कोंबडीचा मांडीचा तुकडा माझ्या ताटात आणि बियर दुप्पट. जवळ येऊन त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. मी तीस वर्षं ही गोष्ट सांगत आले, की मोठ्या बाईसाहेबांना माझी किंमत कळली होती. जिन्यातल्या प्रत्येक नव्या मोलकरणीला सांगितली. माणसं पायांवरून ओळखते म्हणणारी मी. माझ्याच पायांत काय घातलं गेलं ते मला दिसलं नाही. बूट खरंच चांगले होते. एदगार त्यांची बटणं चावायचा.

तान्हं असताना तो पाजताना एक हात वर करून माझ्या हनुवटीला लावायचा. हात नव्हे, मूठ. त्या ऑगस्टातही लावली असणार. त्या मुठीखाली मी काय काय बोलले असेन, तुझा भाऊ असा आहे, तुझा भाऊ तसा आहे. माझं दूध आटलं नाही. एकदाही नाही. मला त्याचा अभिमान होता.

मेलेल्या मुलाचं दुःख माझं करून झालं होतं. ते जुनं झालेलं, धुऊन विरलेल्या चादरीसारखं, अंगाला टोचत नाही. माझ्याकडून आता जात होता तो उभा राहिलेला मुलगा. खालचे दोन दात, चावलेलं बोट, बुटकी खुर्ची, चारी बाजूंना फिरलेली मान. एवढंच माझ्याकडे होतं. मी त्याला पाच महिन्यांचा असताना हातातून ठेवलेला पाहिला तोच शेवटचा, बाकी सगळं बिदोबाबाच्या तोंडून मिळालेलं. पण मी ते तीस वर्षं सांभाळलं, रोज हात फिरवून गुळगुळीत केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन काळ्या फटकाऱ्यांनी ते परत मागितलं होतं. आणि शुक्रवारी एक माणूस बोळा आणि तेल घेऊन येणार होता. त्याने ते पुसले की काळं गेलं, काळं नाही म्हणजे मरण नाही, मरण फेब्रुवारीतच. खुर्ची माझी. मला काहीच करायचं नव्हतं. दार उघडून म्हणायचं होतं, दुसरा मजला, डावीकडे. तेवढंच तर माझं काम.

शुक्रवारी सकाळी मातिल्द बाहेर पडली. टोकदार, घाईचे पाय, टोप्यांच्या दुकानाचे. दुपारी एदगार जेवायला आला. मी त्याच्या मागोमाग वर गेले. तो गळ्याला रुमाल बांधत होता, टेबलावर मोलकरणीने झाकून ठेवलेलं वासराचं मांस होतं.

“नूनू? काय गं, नळ परत फुटला की काय?”

“नाही. ते डाग पुसायचे नाहीत.”

“कुठले?” त्याने चित्राकडे पाहिलं. “टोपल्यांवरचे? पण मातिल्द...”

“डाग नाहीत ते. फडकी आहेत. काळी फडकी. आमच्याकडे टाचतात.”

“फडकी? कशाला?”

मी सांगितलं. किल्ली, तीनदा वाजवणं, लेकींनो म्हणणं. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता, गोष्ट ऐकायचा तसा. “मधमाश्यांना? आणि मला हे कधी सांगितलं नाहीस. मी लहान असताना सांगायला हवं होतंस. मी आपल्या मांजरालासुद्धा सगळं सांगितलं असतं.” मग हसणं थांबवून तो पुन्हा चित्राजवळ गेला, वाकला. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांचं एक असतं, त्यांना उशिरा कळतं, पण कळायला लागलं की थांबत नाही. “म्हणजे या घरात तेव्हा कुणीतरी गेलं होतं.” बोट सालाकडे गेलं. “हे तर माझं साल. नूनू, हे घर कुणाचं?”

मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेवर, कॉलरच्या वर, तो तान्हा असताना होता तोच डाग, डाळीएवढा. त्याने विचारलं होतं ते साधं होतं. मी साधं उत्तर दिलं असतं तर आयुष्यभर तो जेवताना थांबला असता. मला ठाऊक आहे तो. त्याने पानावरून हात उचलला असता आणि परत ठेवला नसता.

“वरच्या आळीतल्यांचं,” मी म्हणाले. “म्हातारी गेली होती त्यांची. खूप म्हातारी. दात नव्हते तिला.”

“हां.” त्याने श्वास सोडला. “मला उगीच वाटलं... तुमचं घर कुठेय मग?”

“आमचं चित्रात आलं नाही. चढाच्या पलीकडे राहिलं.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं. “जरा सरकून बसला असता तर आलं असतं. बरं, राहू देत फडकी. मातिल्दला सांगतो, रीत आहे म्हणून. आणि त्या माणसाला चिठ्ठी लिहून ठेवतो, आभाळ तेवढं कर.” तो शाई शोधायला पलीकडच्या खोलीत गेला. डावीकडे झिजलेले पाय, हलके. कुणाचंच काही देणं नसलेले.

मी चित्रासमोर एकटी राहिले. जवळून टोपल्या म्हणजे पिवळ्या रंगाचे नुसते उंचवटे होते, आणि आईच्या पाठीच्या जागी एक करडा ओरखडा, वर लाल. जरा मागे सरलं की परत आई व्हायची. मी मागे सरले नाही. कमरेचा जुडगा हातात घेतला. त्यात आमच्या घराची किल्ली नाही, ते घर कधीच पडलं. इमारतीच्या मोठ्या दाराची निवडली. चौकटीवर, जिथे टोपल्या होत्या त्या बाजूला, तीनदा वाजवलं. सोनेरी मुलाम्याखालचं लाकूड पोकळ वाजलं.

“लेकींनो,” मी म्हणाले, “आंदोश गेला. उन्हाळ्यातच गेला.” मग रीतीप्रमाणे म्हणाले, “तुम्ही राहा.”

पलीकडे खुर्ची सरकली. “नूनू,” एदगारने विचारलं, “दार वाजलं का गं? कोण आलंय?”

“कुणी नाही आलं,” मी म्हटलं. “तू जेवून घे.”